झोपेचं खोबरं आणि डोक्याला मार

ऑगस्ट २०१९. लॉर्ड्सवरच्या कसोटीत इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा बाउन्सर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. ‘कन्कशन’मुळे, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्यामुळे, त्याच्या जागी संघातला सहकारी लाबुशेन उतरला, कसोटीतला असा पहिलाच बदली खेळाडू.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या १९० खेळाडूंची झोप आणि कन्कशन यांच्या संबंधाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निद्रानाशाचा बऱ्यापैकी त्रास असलेल्यांत कन्कशनचा धोका सुमारे तिप्पट दिसला. जोडीला दिवसा पेंग येत असेल, तर चौदापटींहून जास्त! नमुना लहान होता, हे खरं. पण अपुऱ्या झोपेनं प्रतिक्रिया मंदावते आणि अंगावर येणारा चेंडू किंवा धक्का चुकवायला क्षणभराचा उशीरही महागात पडतो.

आणि हादऱ्यानंतर अनेकांची झोपच बिघडते, ते वेगळंच.

हेल्मेट तपासता ना? मग सरावाआधी पोरांना ‘काल किती झोपलात?’ हेही विचारा.