यादीबाहेरची रसायने शोधणारे यंत्र

पाण्याच्या तपासणी अहवालात ‘आढळले नाही’ असा शेरा असतो, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की जे शोधले ते सापडले नाही. पीफास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्लोरिनयुक्त चिवट रसायनांच्या बाबतीत या शेऱ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ओईसीडीच्या २०१८च्या यादीत या कुळातल्या ४,७३० नोंदी होत्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची १६३३ क्रमांकाची प्रमाणित पद्धत मोजते ४० संयुगे. नेहमीची प्रयोगशाळा प्रत्येक संयुगाचा शुद्ध नमुना विकत घेते, त्यावरून यंत्र जुळवते आणि पाण्यात तेवढेच शोधते. कारखाना रसायन बदलतो, यादी मात्र जुनीच राहते. म्हणून यादीशिवाय शोध घेणारी तपासणी ही संशोधकांची हौस न राहता नियमित देखरेखीचा भाग व्हायला हवी.

हे काम करणारे यंत्र म्हणजे उच्च विभेदनक्षमतेचा मास स्पेक्ट्रोमीटर. नमुन्यातले घटक आधी क्रोमॅटोग्राफीने वेगळे केले जातात, मग त्यांना विद्युतभार दिला जातो आणि प्रत्येक आयनाचे वस्तुमान दशांशाच्या तिसऱ्या-चौथ्या स्थळापर्यंत मोजले जाते. ‘टाइम ऑफ फ्लाइट’ प्रकारात ठरावीक अंतर कापायला आयनाला किती वेळ लागला त्यावरून हे कळते. जड आयन मागे पडतो. सगळे मर्म त्या दशांशांत आहे. हायड्रोजनच्या अणूचे वस्तुमान १.००७८, पूर्णांकाहून किंचित जास्त, फ्लोरिनचे १८.९९८४, किंचित कमी. पालापाचोळा कुजून पाण्यात उतरलेल्या सेंद्रिय रेणूंत हायड्रोजन भरपूर असतो, त्यामुळे त्यांचे वस्तुमान सहसा पूर्णांकाच्या थोडे वर असते. फ्लोरिनने भरलेला रेणू खाली सरकतो: टेफ्लॉनच्या निर्मितीत पूर्वी वापरल्या जाणाऱ्या पीएफओएचा आयन ४१२.९६६ वर दिसतो. शिवाय ही संयुगे बहुधा मालिकेने तयार होतात. एका कार्बनला दोन फ्लोरिन असा एकेक दुवा वाढत जातो, आणि नोंदीत ४९.९९६८ च्या समान अंतराने शिखरांची रांग उभी राहते. रेणूचे नाव ठाऊक नसले तरी त्याचे कूळ इथेच उघड होते. पुढे आयन फोडून तुकड्यांवरून रचना जुळवायची.

या पद्धतीचे मोल केप फिअर नदीने दाखवले. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली ही नदी फेएटव्हिलजवळच्या फ्लोरोरसायनांच्या कारखान्यावरून वाहत विल्मिंग्टनच्या नळांपर्यंत पोहोचते. पर्यावरण संरक्षण संस्थेतले मार्क स्ट्रायनर आणि अँड्र्यू लिंडस्ट्रॉम यांनी सहकाऱ्यांसह कारखान्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे पाणी या यंत्राने तपासले. वर नसलेली आणि खाली दिसणारी इथरबंधाची फ्लोरिनसंयुगे त्यांनी ओळखली. तो शोधनिबंध २०१५ साली आला. त्या संयुगांत पीएफओएच्या जागी आणलेले जेनएक्सही होते. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मोजणीत शहराच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणी जेनएक्स सरासरी ६३१ नॅनोग्रॅम प्रतिलिटर भरले, आणि शुद्धीकरण केंद्रातून ते जवळपास तसेच पुढे जात होते. शुद्ध नमुना उपलब्ध नसलेल्या आणखी तीन संयुगांची शिखरे तर जेनएक्सच्या १५ पटीपर्यंत उंच होती. जून २०१७मध्ये स्थानिक वृत्तपत्राने हे छापले आणि कंपनीला जेनएक्सचा विसर्ग रोखावा लागला. जुनी यादी घेऊन बसलेल्या प्रयोगशाळेला यातले काहीच दिसले नसते.

यावर पहिला आक्षेप असा की शुद्ध नमुन्याशिवाय केलेली ओळख हा अंदाज असतो आणि शिखराच्या उंचीवरून खरे प्रमाण कळत नाही. हे बरोबरच आहे. त्या १५ पटीचा अर्थही १५ पट प्रमाण असा होत नाही. पण त्यावर उपाय आहे. ओळख किती पक्की, याच्या पाच पातळ्या २०१४ साली मांडल्या गेल्या, आणि अहवालात पातळी लिहिली की कोणाची दिशाभूल होत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. तो मला अधिक गंभीर वाटतो, कारण यंत्र महाग आहेच आणि ते वाचणारी माणसे त्याहून दुर्मीळ आहेत. मात्र प्रत्येक नमुना या यंत्रातून जायला नको. आधी एकूण सेंद्रिय फ्लोरिन मोजावे, त्यातून ओळखीच्या संयुगांचा वाटा वजा करावा, आणि उरलेला आकडा मोठा असेल तिथेच सखोल शोध घ्यावा. ही वाट जुनी आहे. डोनाल्ड टेव्हस यांनी १९६८ साली माणसाच्या रक्तात फ्लोराइडखेरीज वेगळ्या रूपातले फ्लोरिन असल्याचे दाखवले होते. १९७६मध्ये त्यांच्या गटाने ते पीएफओएसारख्या संयुगांचे असावे असे सुचवले.

महाराष्ट्राने हे दूरचे प्रकरण समजू नये. इटलीत व्हिचेन्साजवळच्या त्रिस्सिनो इथल्या मितेनी कारखान्याने तीन प्रांतांतले पाणी दूषित केले आणि २०१८मध्ये तो दिवाळखोरीत गेला. त्याची यंत्रसामग्री पुढे रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामला आली. यंत्रसामग्री आली म्हणजे प्रदूषणही आले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. पण लोट्याजवळच्या वाशिष्ठीच्या खाडीचे पाणी आणि गाळ आताच यादीशिवाय तपासून ठेवणे हे राज्याचे काम आहे. या यंत्राची नोंद संगणकात तशीच जपता येते. आज अनोळखी असलेल्या शिखराचे सूत्र दहा वर्षांनी कळले, तर जुन्याच नोंदीत ते शोधता येईल आणि ते रसायन पाण्यात कधीपासून होते हेही सांगता येईल. आज नमुनाच घेतला नाही, तर या दोन्ही गोष्टी पुढे कोणालाच करता येणार नाहीत.