मुकादम, मॅनेजर आणि हिशेब

दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या हंगामात उदगीर तालुक्यातील एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन नांदेडला माझ्या घरी आली. मी गीतकार आहे. चाळीस वर्षे नांदेड-लातूरच्या गायन पार्ट्यांना गाणी लिहून देत आलो आणि पोटासाठी बँकेत खातेवह्या लिहिल्या. त्यामुळे आमच्याकडे कागद वाचायचा असला की लोक माझ्या ओट्यावर येतात. मुलीच्या हातात नऊ पानांचा इंग्रजी करार होता, एका मोठ्या शहरातील एजन्सीचा. यूट्यूबवर तिच्या भीमगीतांचे चॅनल चांगले चालले होते आणि एजन्सी ते 'सांभाळणार' होती.

"मामा, सही तर करून टाकली. आता वाचून सांगा," ती म्हणाली.

मी वाचले. मुदत दहा वर्षांची. उत्पन्नाचा साठ टक्के वाटा एजन्सीचा. चॅनलची मालकी एजन्सीच्या ई-मेलवर. चाळीस हजार रुपये आगाऊ, ते उत्पन्नातून आधी फेडून घ्यायचे. वडील समाधानी दिसत होते. ते वर्षानुवर्षे ऊसतोडीला जाणारे. दसऱ्याच्या सुमारास मुकादम उचल देतो, कोयता हंगामभर कारखान्यावर राहतो, आणि शेवटी मुकादमाच्या वहीत काहीतरी बाकी निघतेच. चाळीस हजार हातात पडले तेव्हा त्यांना हा व्यवहार ओळखीचा वाटला. ओळखीचा वाटला म्हणूनच खरा वाटला. मला भीती वाटली ती याच गोष्टीची.

आता ही एजन्सी म्हणजे काय, ते आधी सांगतो. पूर्वी गायन पार्टीचे पोट सुपारीवर चाले. १४ एप्रिलपासून जून उजाडेपर्यंत गावोगाव कार्यक्रम, रात्रभर सामने, बिदागी आणि टाळ्या. मग कॅसेट आली, मग सीडी. आता गाणारा स्वतःच मोबाइलवर चित्रफीत काढतो. छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, कडूबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज मोबाइलमधल्या चित्रफितींनीच महाराष्ट्रभर नेला. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे मिळण्यासाठी एक हजार सबस्क्राइबर आणि वर्षात चार हजार तास पाहिले जाणे लागते. त्याशिवाय 'मेंबरशिप' म्हणून एक सोय आहे, तीत श्रोता दरमहा ठरावीक वर्गणी भरतो आणि त्याला वेगळी गाणी, रियाजाच्या चित्रफिती, थेट गप्पा मिळतात. हे सगळे चालवायचे तर संकलन, शीर्षके, वेळापत्रक, पत्रव्यवहार आला. गाणाऱ्याला तेवढी उसंत नसते. म्हणून एजन्सी लागते, हे मी नाकारत नाही. ती कशी निवडावी, एवढाच प्रश्न आहे.

सगळ्यात आधी पाहायचे ते चॅनल कोणाच्या नावावर आहे. यूट्यूबवर मालकी न देताही काम सोपवता येते. 'मॅनेजर' किंवा 'एडिटर' म्हणून दुसऱ्याला प्रवेश देता येतो. तो चित्रफिती चढवील, उत्तरे देईल, पण चॅनल मिटवू शकणार नाही. मनात आले त्या दिवशी तुम्ही त्याचा प्रवेश काढून घेऊ शकता. ज्या एजन्सीला एवढ्यावर काम करता येत नाही, जिला तुमचा पासवर्डच हवा किंवा मालकीच हवी, तिला काम नको आहे, तिला चॅनल हवे आहे. ब्रँड खाते असले तर त्यात मुख्य मालक बदलता येतो, आणि नवा मालक नेमल्यावर सात दिवसांनी त्याला मुख्य मालक करता येते. आमच्या मुलीच्या बाबतीत ते सात दिवस ती माझ्याकडे येण्यापूर्वीच उलटले होते.

दुसरी गोष्ट बँकेची. गूगलचे पैसे ॲडसेन्स खात्यात जमतात आणि शंभर डॉलर झाले की बँकेत येतात. त्याआधी, दहा डॉलर जमले की, गूगल पोस्टाने एक पिन पाठवते. पत्ता खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी. आमच्या वस्त्यांत घरांना नंबर नसतात, म्हणून पोरे सरळ एजन्सीचा पत्ता देऊन मोकळी होतात. मग पिन तिथे जातो आणि पिनामागे खातेही जाते. पत्ता आपला द्यावा, खाते आपल्या नावाचे असावे, आणि एजन्सीने आपल्याकडे बिल पाठवावे. पैसा आपल्या हातून तिच्याकडे गेला पाहिजे. उलटा गेला की ती मुकादम झाली.

वाटा किती, यापेक्षा वाटा कशावर, हे विचारावे. समजा श्रोत्याने भरलेल्या वर्गणीतून कर वजा जाता पन्नास रुपये उरले. त्यातले तीस टक्के यूट्यूब ठेवते, तुमच्याकडे पस्तीस येतात. एजन्सीचे तीस टक्के पस्तिसावर असतील तर साडेदहा गेले, साडेचोवीस राहिले. तेच तीस टक्के पन्नासावर धरले तर पंधरा गेले, हातात वीस. दोनशे वर्गणीदार असले तर हा फरक महिन्याला नऊशे रुपयांचा. करारात 'ग्रॉस' हा एक शब्द असतो, तो एवढे काम करतो.

'सबस्क्राइबर आम्ही वाढवून देतो, चार हजार तास आम्ही पुरे करतो' असे कोणी म्हणाले तर चहा पाजून वाटेला लावावे. विकत घेतलेले प्रेक्षक यूट्यूबला कळतात आणि शिक्षा चॅनलला होते, एजन्सीला होत नाही. तशीच गोष्ट चालींची. आपली कितीतरी भीमगीते सिनेमाच्या चालीवर बांधलेली आहेत. अशा चालीची ओळख यंत्राला पटली की जाहिरातीचा पैसा बहुधा सिनेसंगीताच्या कंपनीकडे वळतो. प्रामाणिक एजन्सी हे पहिल्याच भेटीत सांगते. लबाड एजन्सी म्हणते, कॉपीराइटचं आम्ही बघून घेऊ.

कायद्याचे बोलायचे तर तो आपण समजतो त्याहून आपल्या बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. कलम १८ प्रमाणे ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या लेखकाला आणि संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा सोडूनच देता येत नाही; तसा लिहून घेतलेला करार रद्दबातल. हा वाटा फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. गायकालाही कलम ३८-अ ने व्यापारी वापरावर रॉयल्टी दिली आहे. कलम १९ म्हणते की हक्क द्यायचा तर लेखी द्या. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरावी. आणि भारतीय करार कायदा, १८७२, कलम २१३: मागेल तेव्हा हिशेब देणे प्रतिनिधीवर बंधनकारक आहे. म्हणून करारात एजन्सी 'प्रतिनिधी' आहे की 'मालक' हे वाचायचे. प्रतिनिधी असेल तर हे कलम तुमच्या हातात आहे. सगळे हक्कच तिला लिहून दिले असतील तर तुम्ही कोणत्या नात्याने हिशेब मागणार?

हे कायदे मला उशिरा कळले. कॅसेटच्या काळात एका कंपनीला मी बारा गाणी दिली. पाचशे रुपये आणि एक जेवण. कागद वाचला नाही; बँकेत दुसऱ्यांचे कागद रोज वाचणारा मी, स्वतःचा वाचला नाही. कॅसेटवर माझे नाव नव्हते. शेवटच्या कडव्यात कवीचे नाव गुंफण्याची आपली रीत आहे, ते कडवेही कापले होते. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, "बाबासाहेबांच्या गाण्याचे पैसे मागता?" मी मान खाली घालून परत आलो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हजारो गीते लिहिली. कायद्याप्रमाणे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ संपेपर्यंत जिवंत आहे. त्यांची गाणी वाजतात तिथे तिथे हा हक्क कोणाच्या मनात तरी येतो काय?

मला वाटते, अडचण आपल्या अडाणीपणात कमी आणि सवयीत जास्त आहे. माझा आजा सालगडी होता. पाडव्याला साल ठरे, हिशेब मालकाच्या वहीत राही. वही दाखवा म्हणणे म्हणजे उर्मटपणा. गावगाड्याने आपल्याला शिकवले की वाटा मिळतो तो मेहरबानीने, आणि मेहरबानीचा हिशेब विचारायचा नसतो. सालगडी गेला, पण ती मान खाली घालण्याची खोड शहरात, बँकेत, कॅसेट कंपनीच्या दारात माझ्याबरोबर आली. मुलीने एजन्सीला फोन करून आकडे मागितले तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. फोन ठेवून ती म्हणाली, "मामा, हिसाब मागितला तर म्हणायलेत, आमच्यावर इस्वास नाई का?" विश्वास आहे म्हणूनच हिशेब मागतो, असे मी तिला पुढच्या वेळी सांगायला लावले. पुढच्या वेळी फोन उचलला गेला नाही.

याच्या उलट उदाहरणही देतो. नांदेडला एक तरुण चार गायकांची चॅनले पाहतो. त्याला फक्त एडिटरचा प्रवेश आहे. हातात आलेल्या रकमेवर वीस टक्के घेतो. पैसे साधारण एकवीस ते सव्वीस तारखेला सुटतात, त्यानंतर गायकाच्याच फोनवर त्याच्यासमोर आकडा उघडतो आणि मग आपले बिल देतो. करार दीड पानाचा, मराठीत. महिन्याची सूचना देऊन कोणीही मोकळे व्हावे, असे त्यात लिहिले आहे. एक गायक खरोखरच मोकळा झाला. त्याच्याकडे जाऊन मी मुद्दाम चौकशी केली, कारण एजन्सीची खरी माहिती तिला सोडून गेलेल्याकडे असते. चॅनल त्याच्याच हाती होते आणि बाकी काही राहिले नव्हते.

आमच्या मुलीचे जुने चॅनल अजून चालू आहे. तिचा आवाज, माझे शब्द, मालक तिसरा. नोटीस गेली आहे, उत्तर यायचे आहे. वडिलांना चाळीस हजारांची काळजी लागून राहिली होती; ते फिटले की नाही हे सांगणारा कागदच एजन्सीने दिलेला नाही. तिने आत्याच्या फोनवर नवे चॅनल काढले आणि शून्यापासून गायला लागली. हजाराचा आकडा गाठायला चौदा महिने लागले. गेल्या महिन्यात तिचा पिन पोस्टाने आला. पत्त्यावर तिने लिहिले होते, समाजमंदिराच्या मागे, लिंबाजवळ. पोस्टमन दोन दिवस शोधत होता, तिसऱ्या दिवशी गाण्याच्या आवाजावरून आला म्हणे.