घरकुलाच्या छपराखाली

वैशाखात चंद्रपूरचे नाव वृत्तपत्रांत झळकते ते तापमानाच्या आकड्यामुळे. पारा ४६ अंशांवर जाणे येथे नवलाचे राहिलेले नाही. मे २०१९ मध्ये तर तो ४७ अंशांच्याही पुढे गेला होता. हा आकडा मोकळ्या हवेतील, सावलीतील असतो. माणूस ज्या छपराखाली रात्र काढतो, तेथील उष्मा मात्र कोणी नोंदवीत नाही. वास्तविक आरोग्याचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

‘हरित इमारत’ हा शब्द आता शहरांतून रुळला आहे. २००१ मध्ये भारतीय हरित इमारत परिषद स्थापन झाली; पुढे ‘गृह’ ही राष्ट्रीय मूल्यांकनपद्धतीही आली. वीज व पाण्याची बचत, उजेड आणि खेळती हवा यांना गुण देऊन प्रमाणपत्र द्यावयाचे, अशी ही रीत. हेतू स्तुत्य आहे. परंतु बचत आणि आरोग्य नेहमी एकाच वाटेने जातात असे नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचावे म्हणून पाश्चात्य देशांनी इमारती जवळजवळ हवाबंद केल्या. आतली हवा कोंदली, रंग व फर्निचरमधून निघणारी रसायने आतच साठली. डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, थकवा यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेला ‘आजारी इमारतीं’ची दखल घ्यावी लागली.

जंगलपट्टीतील जुन्या घराला असे प्रमाणपत्र कधी मिळाले नाही. बांबूच्या ताट्यांना माती लिंपून केलेला कूड, शेणाने सारवलेली जमीन, वर कवेलू आणि पुढे ओसरी, हे त्याचे रूप. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. मातीची भिंत सावकाश तापते. उलट सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि तेच रात्री खाली सोडतो. टिनाच्या पत्र्याखाली तर भर दुपारी बसवत नाही. दिवसाच्या तापाने शिणलेल्या शरीराला रात्रीचा गारवा लाभला नाही, तर उष्माघाताचा धोका वाढतो. आणि त्याची झळ प्रथम म्हाताऱ्यांना व तान्ह्या मुलांना पोहोचते.

तथापि या घराचे गोडवे गाऊन थांबणेही अप्रामाणिकपणाचे ठरेल. खिडकी नसलेल्या खोलीत चूल पेटली की धूर बाईच्या आणि तिच्या पाठीशी असलेल्या लेकराच्या छातीत जातो. घरातील धूर हे बालकांच्या न्यूमोनियाचे एक कारण आहे, हे शास्त्राने दाखवून दिले आहे. गडचिरोलीत हिवतापाचे ठाण अजून पक्के आहे. भिंतीवर फवारलेले डासनाशक सणासुदीच्या सारवणाखाली झाकले जाते. पावसाळ्यात कूड भिजतो आणि छपरात साप शिरतो. पक्के घर हवे, असे आदिवासी कुटुंबाला वाटते ते काही उगीच नव्हे. दुसरीकडे चंद्रपूर शहरात खिडकी उघडली तरी कोळशाच्या धुळीची धास्ती आहेच. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या पाहणीत ते देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे होते.

मग घर कसे असावे, हे ठरवावयाचे कोणी? याचे उत्तर याच मातीत सापडते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, रोग्याला आत घेऊन नातेवाइकांना बाहेर ठेवतात, असे लोकांनी सांगितले. त्यातून शोधग्राम येथे गावातील घरांसारख्या झोपड्यांचा, आप्तांना सोबत राहू देणारा दवाखाना उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. रोगी यावयास लागण्यापूर्वी इमारतीला त्यांच्या मनाप्रमाणे व्हावे लागले.

घरकुलांच्या बाबतीत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर व स्वयंपाकाची स्वच्छ जागा अभिप्रेत आहे. स्थानिक हवामान व साहित्य पाहून राज्यवार नमुनेही तयार करण्यात आले. प्रत्यक्षात मात्र गावोगाव दिसतात ती एकाच साच्यातील खोल्यांची घरे. मालक पुष्कळदा जुन्या घरातच निजतो आणि घरकुलात धान्य ठेवतो. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. तो अनुभवाचा निवाडा आहे, हे मान्य करणे अवघड जाते.

साहित्याची वाण या भागाला नाही. मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार तेथील ग्रामसभेकडे आला. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. प्रक्रिया केलेला बांबू, मातीच्या भिंती, कवेलू, समोरासमोरच्या जाळीदार खिडक्या, धुराडे आणि स्लॅब असेलच तर त्यावर चुन्याचा पांढरा हात, यांत महागडे असे काय आहे? ग्रामसभेत नकाशा मांडावा, चूल कोठे आणि ओसरी किती हे घरातील बाईला विचारावे, मगच पायाची कुदळ पडावी. विजेचे बिल वाचविणारी इमारत हरित म्हणून मिरवेल. पण जिच्या छपराखाली लेकराला जेठातल्या रात्री झोप लागत नाही, तिला घर म्हणता येणार नाही.