गोराईच्या घुमटाला खांब का लागत नाहीत?

बोरिवलीजवळच्या गोराईत, ग्लोबल विपश्यना पॅगोडाच्या सभागृहात सुमारे आठ हजार साधक एकत्र बसू शकतात, आणि मध्ये एकही खांब नाही! २००९ मध्ये उद्घाटन झालेल्या या घुमटाचा आतला व्यास सुमारे ८५ मीटर, म्हणजे विजापूरच्या गोल घुमटाच्या दुपटीहून जास्त.

घुमट म्हणजे गोल फिरवलेली कमान. कमानीच्या माथ्यावरच्या दगडाला इटालियनमध्ये ‘कियावे’, म्हणजे किल्ली म्हणतात. आतलं वळण ‘इंत्रादोस्सो’, बाहेरची पाठ ‘एस्त्रादोस्सो’. वळण सुरू होतं ती जागा ‘इंपोस्ता’.

या इंपोस्ताजवळच खरी परीक्षा असते. तिथे घुमट बाहेर फाकू पाहतो. म्हणूनच गोराईत दगड नुसते रचलेले नाहीत, एकमेकांत अडकवलेले आहेत.