फुगलेलं व्हिनियर, घरची इस्त्री

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. अशा पुरानंतर कपाटांचं व्हिनियर सुटतं. व्हिनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा. आतलं प्लाय वाळून सरळ राहिलं असेल तरच दुरुस्तीला हात घाला. फुगलेला पार्टिकल बोर्ड भंगारातच जायचा.

फुगवट्यावर लाकडाच्या रेषांच्या दिशेनं कटरनं चीर द्या, सिरिंजनं फेव्हिकॉल सोडा, वर बटर पेपर आणि फळी. वजनाला पाटा उत्तम. रात्रभर हलवू नका.

नवा तुकडा लावायचा तर तुकड्याच्या मागच्या बाजूला आणि प्लायवर फेव्हिकॉलचा पातळ हात मारा, गोंद पारदर्शक होईतो वाळू द्या. मग सुती फडक्यावरून मध्यम गरम इस्त्री, मधून कडांकडे. पांढरा गोंद उष्णतेनं मऊ होतो, थंड होताना पुन्हा धरतो. (म्हणूनच अशा व्हिनियरवर गरम पातेलं नको!)

साताऱ्यात जावळी-महाबळेश्वरकडे हे काम पावसाळ्यात काढूच नये. दमट हवेत फुगलेला पापुद्रा उन्हाळ्यात आक्रसून चिरतो. दिवाळीनंतर बघा.