साठ गुणांचे आजोबा

नाशिक रोडच्या बिटको चौकाजवळच्या एका रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डात रात्रीचा राउंड सुरू होतो. सिस्टर आधी सलाईनकडे बघत नाहीत, खाटेखाली बघतात. आजोबांची चप्पल पार मागे सरकलेली. त्या ती पायाने पुढे ओढतात.

"आजोबा, लघवीला जाऊन येऊ."
"आत्ता नाही लागली."
"दोन वाजता लागेल, तेव्हा मी इंजेक्शनं देत असेन. चला."

रुग्ण पडतात ते बहुतेकदा अशाच वेळी, संडासाच्या वाटेवर. बेल हाताशी असते, पण बाईमाणसाला लघवीचं कसं सांगायचं, हा संकोच बेलपेक्षा मोठा. म्हणून रुग्णाने मागण्याआधी सिस्टरने विचारायचं.

दाखल करताना पडण्याच्या धोक्याची कागदावर बेरीज होते. जॅनिस मोर्स या परिचर्या-संशोधिकेची १९८९ची ही पद्धत. पूर्वी पडले आहेत, २५. सोबत दुसरा आजार, १५. हाताला सलाईन, २०. आजोबांचे झाले ६०. पुष्कळ ठिकाणी ४५ च्या पुढे धोका जास्त धरतात. मग मनगटावर पिवळा पट्टा, खाटेचे कठडे वर.

कठड्यांवर फार भिस्त ठेवू नये. गोंधळलेला रुग्ण ते ओलांडायला जातो आणि आणखी उंचावरून कोसळतो. पट्टाही काही कुणाला धरून ठेवत नाही.

धरतात त्या सिस्टर. आजोबांना काठावर बसवतात, पाय खाली सोडायला लावतात, गप्पा मारत चेहरा न्याहाळतात. बीपीची आणि लघवी होण्याची गोळी चालू असली की झटकन उठल्यावर रक्तदाब उतरतो. तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने घसरला तर ते धोक्याचं. "गरगरतंय?" आजोबा नाही म्हणतात, पण हात कठड्यावर घट्ट. सिस्टर त्यांना आणखी थोडं बसवून ठेवतात. मावशींनी पुसलेली ओली फरशी वाळेपर्यंत थांबणंही त्यातच आलं.

याला वेळ लागतो, आणि वेळेला माणसं. शिकाऊ विद्यार्थी नसलेल्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. इथे रात्री एकट्या सिस्टरकडे त्याहून कितीतरी जास्त खाटा आहेत. तरीही कुणी पडलं की पहिला जाब त्यांनाच.

घरचं कुणी दाखल असेल तर फळांच्या आधी मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल न्या. आणि ते पूर्वी घरात पडले असतील तर सांगायला लाजू नका. ते २५ गुण सिस्टरना कळायलाच हवेत.