संबंधानंतर रक्त दिसले तर

ऊतींचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर दोन आकृत्या काढतो. स्तरित पट्टकी अभिस्तर म्हणजे चपट्या पेशींचे एकावर एक थर. हा घर्षण सोसतो. स्तंभीय अभिस्तर म्हणजे उंच पेशींची एकच रांग. ही स्राव तयार करते, पण नाजूक असते. स्त्रीच्या शरीरात या दोन ऊती गर्भाशयाच्या मुखावर एकमेकींना भेटतात. योनीकडची बाजू पहिल्या ऊतीने, तर आतली नळी दुसऱ्या ऊतीने मढवलेली असते. ही शिवण समजली, की शरीरसंबंधानंतर रक्त का जाते याचा बराच उलगडा होतो.

तरुण वयात, गरोदरपणी किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना इस्ट्रोजेनच्या प्रभावाने आतला नाजूक थर थोडा बाहेर येतो. त्याला धक्का लागला, की रक्ताचे डाग दिसतात. हा रोग नव्हे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते, योनीचा थर पातळ व कोरडा होतो आणि खरचटतो. क्लॅमिडिया, गोनोरिया यांच्या संसर्गाने गर्भाशयमुखाला सूज येते. कधी तेथे पॉलिप, म्हणजे मऊ मांसल कोंब, वाढलेला असतो. थोड्या स्त्रियांत मात्र कारण कर्करोग असते. त्याची सुरुवात बहुधा याच शिवणीपाशी होते आणि त्याच्या मुळाशी जवळजवळ नेहमी ह्यूमन पॅपिलोमा विषाणू असतो.

यांपैकी नेमके कारण कोणते, हे रक्ताच्या रंगावरून किंवा प्रमाणावरून सांगता येत नाही. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणेही चूक, कारण सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही. डॉक्टर स्पेक्युलम नावाच्या साधनाने गर्भाशयमुख प्रत्यक्ष पाहतात, गरजेप्रमाणे स्राव व पेशी तपासतात आणि संशयास्पद भागाचा लहान तुकडा प्रयोगशाळेत पाठवतात. पूर्वीची तपासणी निर्दोष आली असली, तरी नवी तक्रार पुन्हा दाखवायला हवी.

उपचार कारणाप्रमाणे ठरतात. बाहेर आलेल्या नाजूक थराला बहुधा काहीच करावे लागत नाही. संसर्गावर प्रतिजैविके देतात, पण ती पतीनेही घ्यावी लागतात. नाहीतर संसर्ग पुन्हा होतो. पॉलिप काढून तपासतात. कोरडेपणावर वंगण किंवा योनीत लावायचे इस्ट्रोजेन उपयोगी पडते. कर्करोग लवकर सापडल्यास शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने बरा होऊ शकतो.

तक्रार नसतानाही तपासणीचा फायदा होतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वर्षांच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाची विषाणूसाठी एकदा तपासणी झाली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते.

आपल्याकडे ही तक्रार लाजेपोटी अंगावर काढली जाते. अनेकदा बाई ती प्रथम बोलते, ती गावातल्या शिक्षिकेपाशी किंवा आशाताईंपाशी. अशा वेळी घाबरवू नये आणि ‘उष्णतेने होते’ म्हणून परतवूही नये, असे आम्ही सुचवतो. एकदा जरी असे रक्त दिसले तरी तपासून घ्यावे. पाळी गेल्यानंतर किंवा गरोदरपणी दिसले, तर दिवस न दवडता दाखवावे. रक्त फार जात असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा.